आममुखत्यारपत्रावर घेतलेल्या भूखंडाची मालकी मिळते काय?

बेसा_रहिवासी
नमस्कार. नागपूरजवळच्या बेसा परिसरातील एका लेआउटमधील १५०० चौरस फुटांचा भूखंड आम्हाला विकत घ्यायचा आहे. ज्या गृहस्थांचा तेथे ताबा आहे, त्यांच्या नावाने विक्रीपत्र झालेले नाही. मूळ मालकाने त्यांना विक्रीचा करारनामा, ताबापत्र आणि नोटरीसमोर केलेले आममुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) दिलेले आहे. कराची पावती मात्र त्यांच्याच नावाने निघते. दलालाचे म्हणणे असे की, ज्याचा ताबा आणि ज्याची पावती तोच मालक, रजिस्ट्री पुढे केव्हाही करता येईल. हे बरोबर आहे काय? भूखंडाला आरएल (नियमितीकरणाचे पत्र) नाही, त्याने काय बिघडते?

निवृत्त_दस्तलेखक
दलालाने ताबा, पावती आणि मालकी एकाच पोत्यात भरली आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, आणि विक्रीचा नुसता करार त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण करीत नाही. करारनामा व आममुखत्यारपत्र यांच्या जोरावर केलेले व्यवहार म्हणजे मालकीचे हस्तांतरण नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. कर कोणाकडून वसूल करायचा, एवढेच पावती सांगते. सातबाऱ्यावरील नोंदही विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. तिच्यामुळे मालकी निर्माण होत नाही.

मूळ मालक हयात आहेत काय? मुखत्यार हा मालकाचा प्रतिनिधी असतो आणि मालकाच्या मृत्यूनंतर त्याचा अधिकार सामान्यतः संपतो. मालक हयात असतील, तर त्यांनी स्वतः ‘लिहून देणार’ म्हणून व ताबेदाराने ‘मान्यता देणार’ म्हणून सही करून विक्रीपत्र थेट तुमच्या नावाने नोंदवावे.

मानेवाडा_चौक
आरएलबद्दल थोडे. अकृषक परवानगी न घेता शेतजमिनीचे तुकडे पाडून विकलेल्या भूखंडांसाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम आला. असे भूखंड केव्हापर्यंत पाडलेले असावेत याची आधी १ जानेवारी २००१ ही असलेली मुदत २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढली. त्याखाली भूखंड नियमित झाल्याचे पत्र म्हणजेच आपल्याकडचे आरएल. ते नसल्यास बांधकामाचा नकाशा मंजूर होण्यात आणि गृहकर्ज मिळण्यात अडचण येते. पण आरएल असले म्हणून सदोष मालकी निर्दोष होत नाही, याचा नागपुरात अनेकांना विसर पडतो. बेसा महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने ही चौकशी एनएमआरडीएकडे (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) करावी. मूळ खसऱ्याचा (जमिनीच्या सर्व्हे क्रमांकाचा) सातबाराही काढा, आणि त्यावर भोगवटादार वर्ग २ (हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन) असा शेरा असेल तर शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

बेसा_रहिवासी
आभारी आहे. मूळ मालक मागेच वारले. त्यांना दोन मुलगे व तीन विवाहित मुली आहेत, असे कळते. ताबेदार म्हणतात, दोन्ही मुलग्यांच्या सह्या पुरेशा आहेत.

निवृत्त_दस्तलेखक
पुरेशा नाहीत. हिंदू कुटुंबात मुलीचे लग्न झाले म्हणून तिचा वारसाहक्क जात नाही. मालकाची पत्नी हयात असेल तर तिचाही हिस्सा असतो. सर्व वारसांनी विक्रीपत्रावर सही करावी, किंवा न येणाऱ्यांनी आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे. वकिलाकडून मालकीच्या नोंदींचा तीस वर्षांचा शोध अहवाल हाती येईपर्यंत इसाराची रक्कम देऊ नये.