जिव्हाळ्याचा टी-शर्ट: तुमचा कोणता?

चहाबाज:
दिवाळीची आवराआवर चालू आहे. कपाटाच्या तळाशी २०११ च्या वर्ल्ड कपचा निळा टी-शर्ट निघाला. फायनलच्या दिवशी दादरला फुटपाथवर घेतलेला. सचिनचा १० नंबर केव्हाच संपला होता, नाइलाजाने धोनीचा ७ उचलला. रात्री वानखेडेवर शेवटचा सिक्स कोणी मारला ते तुम्हाला माहीतच आहे! आता काखेत उसवलाय, गळा लोंबतोय, पण बायकोने हात लावलेला चालत नाही. तुमचेही येऊ द्या.

गडवेडी:
आमच्या ग्रुपचा काळा, पाठीवर 'जय शिवराय'. पावसाळ्यात राजगड चढताना सुती टी-शर्ट भिजून मणाचा होतो, म्हणून चढायला ड्रायफिट आणि सुती सॅकमध्ये, पिशवीत गुंडाळून. पद्मावती माचीवर पोचलं की आडोशाला बदलायचा आणि मग फोटो. सगळ्यांच्या डीपीवर तोच!

ताशा_कडक:
मंडळाचा. छातीवर बाप्पा एवढासा, पाठभर बिल्डरची जाहिरात. मिरवणुकीत दिवसभर फुकट होर्डिंग होऊन फिरतो आम्ही 😂

गडवेडी:
@ताशा_कडक कुठलं पथक? माझा भाऊ पण वाजवतो.

ताशा_कडक:
तुझ्या प्रोफाइलवरची विपू (विचारपूस) बघ.

लाल_डबा:
कॉलेजात चे गव्हेराचा. तो फोटो अल्बेर्तो कोर्डाने १९६० साली हवानात काढलेला, वगैरे मी सगळ्यांना ऐकवायचो. आजोबा गिरणीतले, लाल बावट्याचे. त्यांनी निरखून पाहिला आणि विचारलं, "केवढ्याला?" दीडशे म्हटल्यावर म्हणाले, "कामगाराला किती सुटले त्यातले?" पुढे त्यांच्यासमोर तो घातला की वर शर्ट चढवायचो.

चहाबाज:
आजोबा जबरी!! 🙏

खुबे_तिसऱ्यो:
माझ्याकडे मारियो मिरांडांच्या चित्राचा आहे, गोव्याचा बाजार, गलेलठ्ठ बाई, कुत्रं, सगळं. दुबईच्या मेट्रोत एकाच्या अंगावर सेम दिसला. लगेच विचारलं, "खंयचो रे तूं?" निघाला बेळगावचा. पण मग कुंद्यावर जी चर्चा रंगली, माझं स्टेशन मागे गेलं.

दोन_शिट्ट्या:
बेळगावचा कुंदा 😋 कुणी येणार असेल तर सांगा.

माप_घ्या:
धंदा हाच आहे म्हणून सांगते. हातात धरून उजेडाकडे बघा. पलीकडचं दिसलं तर घेऊ नका. १८० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन) आसपासचं, बायोवॉश केलेलं (एंझाइमने धुऊन लव काढलेलं) कापड टिकतं. गळ्याची पट्टी ताणून सोडा, लगेच जागेवर आली पाहिजे. उलटा करून धुवा, छापावर इस्त्री नको. आमचा बहुतेक माल तिरुपूरहून येतो. फॅशन स्ट्रीटवर जो अर्धं लेबल कापलेला मिळतो तो बरेचदा एक्स्पोर्टचा उरलेला असतो, कापड छान, मापाची मात्र खात्री नाही.

दोन_शिट्ट्या:
बायकांच्या टी-शर्टचं कापड एवढं झिरझिरीत का असतं पण? मी सरळ नवऱ्याचे घालते. सासूबाई आधी नाक मुरडायच्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनाच सैल काहीतरी हवं होतं, म्हणून लेकाचा मॅरेथॉनचा दिला. आता तो गाऊनवर घालून गच्चीत फिरतात, वर 'फिनिशर' लिहिलेलं. लेक बिचारा मेडल घेऊन बसलाय.

ताशा_कडक:
फिनिशर आजी 🤣 धोनीनंतर त्याच!

लाल_डबा:
@माप_घ्या ट्रिपल एक्सेलमध्ये गोल गळ्याचा, काहीही न छापलेला मिळेल का? वडिलांसाठी हवाय. खिसा असेल तर उत्तम, चष्मा ठेवतात.

माप_घ्या:
खिसेवाला काळा आणि राखाडी आहे. मेसेज करा.