मदत हवी आहे: नाटकवाल्या जर्मन ड्यूकबद्दल

मंडळी, सॅक्स-मायनिंगेनचा ड्यूक जॉर्ज दुसरा याच्यावर कोणी नीट वाचलंय का? 1866 मध्ये प्रशियामुळे बापाला गादी सोडावी लागली आणि हा बसला, पण याचा जीव सगळा नाटकात, सेट आणि कपड्यांची स्केचेस स्वतः काढायचा, गर्दीच्या सीनमधे छोटे गट करून प्रत्येकात एक मुरलेला नट ठेवायचा, 1874 ला बर्लिनमधे ज्युलियस सीझर केलं तर सगळीकडे बोलबाला. त्याआधी वर्षभर एलेन फ्रान्झ या नटीशी लग्न करून मोकळा, घरचे गेले उडत!

मला हवंय ते असं की तालमीत ड्यूक, एलेन आणि ड्यूकच्या नाटक कंपनीचा दिग्दर्शक क्रोनेक यांच्यात कोण काय बघायचं. इंग्रजीतलं काही सुचवा ना, जर्मन आपल्याला झेपत नाही.