पत्रकांआधी गूगल मॅप्स

कोथरूडमध्ये केस कापण्याचं, पार्लरचं नवं काम सुरू करताना गिऱ्हाइकं मिळवायला सवलतीची पत्रकं वाटा, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. छपाईचे पैसे जातात आणि पत्रकं कचऱ्यात. आधी गूगल मॅप्सवर नोंद करा, ती फुकट असते. कट झाला की गिऱ्हाइकाला विचारून मागून आणि बाजूने फोटो काढा, खिडकीच्या उजेडात (ट्यूबलाइटखाली हेअर कलर खरा दिसत नाही), आणि तिथेच टाका. रिव्ह्यू जरूर मागा, पण त्याबदल्यात सूट नको, गूगलच्या नियमात ते बसत नाही. आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. त्याआधीच मेंदी काढणाऱ्या, साडी नेसवणाऱ्या ताईंशी ओळख करून घ्या. नवरीची कामं बऱ्याचदा त्यांच्याकडूनच येतात.