मदत हवी आहे: ठासणीच्या बंदुकीचा दस्ता काळाठिक्कर पडला

मंडळी, मुक्काम सेंट लुईस, मिसूरी. जेकब आणि सॅम्युअल हॉकेन या भावांनी ज्या गावात रायफली घडवल्या, तिथे राहून आपल्याकडे इटालियन बनावटीची चकचकीत नक्कल असावी हे मनाला पटेना. .५० कॅलिबरची (नळीचं भोक अर्धा इंच), टोपीवर (ठोकल्यावर ठिणगी देणाऱ्या इवल्याशा धातूच्या वाटीवर) उडणारी आहे. जेकब १८४९ च्या पटकीत गेला, त्याच्या आधीची वाटावी अशी करायची आहे. मूळ हॉकेनवर साज बहुतेक लोखंडी. माझीवर समईसारखं पितळ, निळीकाळी नळी आणि दस्त्यावर जाड व्हार्निश.

व्हार्निश काढलं, खाली देखणा अक्रोड निघाला. तिथेच थांबायला हवं होतं. व्हिनेगरमध्ये स्टील वूल विरघळवून ते पाणी मेपलच्या दस्त्याला लावतात, पट्टे खुलतात, असं वाचलेलं. तेच फासलं. दहा मिनिटांत दस्ता तव्याच्या बुडासारखा! पॉलिश पेपर मारला, पण काळं आत उतरलंय. अजून घासलं तर लाकूड पितळी पट्टीच्या खाली जाईल.

हे निघेल का? आणि नळी तपकिरी करायची तर निळं पूर्ण उतरवावं लागतं का? (नळी रिकामी आहे, गज घालून दोनदा बघितलंय.)

उत्तर: तुम्ही शाई केलीत! आपल्याकडे हिरडा आणि हिराकस घालून करायचे तीच. अक्रोडात टॅनिन भरपूर, लोखंड भेटलं की काळं. मेपलमध्ये कमी, म्हणून तिथे जमतं. ऑक्झॅलिक ॲसिड आणा, लाकूड उजळवायला मिळतं. कोमट पाण्यात विरघळवून अख्ख्या दस्त्याला लावा, नुसत्या डागाला नको, नाहीतर ठिगळ दिसेल. विषारी आहे, हातमोजे घाला, नंतर भरपूर धुवा. पूर्ण वाळल्यावर जवसाचं तेल, पातळ हात. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात.

निळं पूर्ण उतरवा, व्हिनेगरने निघतं. त्याआधी नळीचं तोंड आणि निपलचं (टोपी बसते त्या बोंडाचं) भोक घट्ट बुजवा. तपकिरी रंग म्हणजे मुद्दाम आणलेला गंज: नळी तपकिरी करायचं द्रावण लावा, दमट जागी टांगा, जाड्याभरड्या कापडाने घासा, पुन्हा लावा. मनासारखा रंग आला की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा आणि तेल लावा. प्रूफचे शिक्के (नळीची चाचणी झाल्याच्या खुणा) मात्र घासू नका. पितळेला काही करू नका. फक्त चिंच लावायचा मोह आवरा, आपोआप काळवंडेल.

धागाकर्ता: दुसऱ्या हातात काळं फिकं पडलं! नळी न्हाणीघरात टांगली आहे. बायको पाहुण्यांच्या न्हाणीघरात अंघोळ करते आहे, बोलत नाही.