दुसऱ्यांबद्दल लिहायचं आणि बक्षीस फक्त आपल्या भाषेला?

उंबरठा
सहा वर्षं क्राकूवमध्ये राहते. पोलिश इतपत येतं की दुकानात कुणी हसत नाही, पण पुस्तक वाचायचं तर शब्दकोश मांडीवर लागतो.

इथे बेआता पाव्लाक यांच्या नावाचा एक पुरस्कार आहे. त्या 'गाझेता विबोर्चा' या दैनिकाच्या पत्रकार. १२ ऑक्टोबर २००२ ला बालीत कुटाला स्फोट झाले, २०२ माणसं गेली, त्यात त्याही होत्या. इतर संस्कृती, धर्म, सभ्यता यांवर पोलिश भाषेत लिहिणाऱ्यांना बक्षीस द्यावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. वॉर्सातल्या स्तेफान बातोरी फाउंडेशननं त्याप्रमाणे पुरस्कार सुरू केला. जपानवर लिहिणाऱ्या योआना बातोर, तुर्कस्तानवर लिहिणारे विटोल्ड शाब्वोव्स्की ही त्यातली काही नावं.

बाईंबद्दल आदरच आहे. पण भाषेची अट मला खटकते. ज्याच्याबद्दल लिहिलंय तो माणूस ते वाचूच शकत नाही. "अहो, आमच्याकडे असं नसतं हो," हे म्हणणार कोण? पोलिश लेखक, पोलिश वाचक, टाळ्याही पोलिश. निदान मूळ मुलखातल्या कुणाला तरी वाचायला दिलं असेल तरच बक्षीस द्यावं, असं मला वाटतं.

मिरपूड
म्हणजे टोकियोबद्दल लिहायला आता टोकियोची एनओसी आणायची?

भटक्या_७४
उंबरठा ताई, साफ असहमत. तुम्ही पोलंडमध्ये राहता, मग हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसायला हवं.

पहिल्या महायुद्धानंतरच्या पोलंडमध्ये एक तृतीयांश लोक ज्यू, युक्रेनियन, बेलारूसी, जर्मन असे होते. दुसरं महायुद्ध, ज्यूंचा संहार आणि त्यानंतर सरकलेल्या सीमा यांनी देश जवळपास एकजिनसी झाला. पुढे कम्युनिस्ट राजवटीत पासपोर्ट माणसाच्या घरात नसायचा, सरकारी कपाटात असायचा. प्रवासाला निघायचं तर अर्ज करून मागायचा, परत आलं की जमा करायचा. म्हणजे शेजारी कुणी वेगळा नाही आणि बाहेरही जाता येत नाही. अशा समाजाला परक्या माणसाबद्दल कुणीतरी स्वतःच्या भाषेत, घरच्या शब्दांत सांगणं ही चैन नव्हती. पोलिश रिपोर्ताजची, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन-बघून लिहिलेल्या साहित्याची, एवढी मोठी परंपरा उगाच नाही झाली. पाव्लाक बाईंनी पैसे ठेवले ते त्या वाचकासाठी. जपानी वाचकाला जपान कळावा म्हणून नाही.

शाब्वोव्स्कींचंच बघा. त्यांचं पुस्तक 'जर्दाळूंच्या शहरातला मारेकरी'. ते शहर म्हणजे तुर्कस्तानातलं मालात्या. तिथला मेहमेत अली आजा, ज्यानं १९८१ मध्ये पोलिश पोपवर गोळ्या झाडल्या. त्या गावाला जाऊन यावंसं पोलिश माणसाला का वाटतं, हे पोलिश वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. तुर्की माणसाला ते पुस्तक वेगळंच दिसेल. दिसू दे की.

आणि अट भाषेची आहे, रक्ताची नाही. वॉर्सात व्हिएतनामी वस्ती किती मोठी आहे! त्यांच्यातली एखादी मुलगी उद्या पोलिशमध्ये लिहील आणि हेच बक्षीस घेऊन जाईल.

उंबरठा
भटक्याजी, परंपरेचं बोललात ते बरं झालं. त्या परंपरेतलं सर्वांत मोठं नाव कापुश्चिन्स्की. इथिओपियाच्या हाइले सेलासीच्या दरबारावरचं त्यांचं पुस्तक १९७८ मध्ये आलं आणि पोलिश लोकांनी ते आपल्याच पक्षनेत्यांवरचं म्हणून मिटक्या मारत वाचलं. सेन्सॉरला बरोबर बगल दिली, हे मान्य. पण इथिओपियाचं काय झालं? तो आपल्या नाटकाचा मागचा पडदा झाला. सम्राट पुस्तकं वाचत नसे, असं त्यात आहे. तो चांगला वाचणारा होता, हे जॉन राइल यांनी २००१ मध्ये लंडनच्या साप्ताहिकात दाखवलं, म्हणजे तेवीस वर्षांनी. तेही पुस्तक इंग्रजीत गेलं म्हणून. पोलिशमध्येच राहिलं असतं तर सम्राट कायमचा अडाणी.

भटक्या_७४
अर्धीच गोष्ट सांगताय. कापुश्चिन्स्कींचा सगळ्यात कडक हिशेब २०१० मध्ये दोमोस्वाव्स्कींनी त्यांच्या चरित्रात मांडला, तो पोलिशमध्ये, आणि तेही त्यांना गुरू मानणाऱ्या माणसानं. कापुश्चिन्स्कींच्या पत्नी कोर्टात गेल्या. देशभर भांडण पेटलं. घरातल्या भाषेत तपासणी होत नाही, असं कसं म्हणता?

मिरपूड
पण ती तपासणी 'आमचा लेखक खरं बोलला का' याची होती. 'त्यांना काय वाटलं' याची नव्हे. (बाजू बदलतोय, हो. माझी सवय आहे.)

आडवाट
अवांतर वाटेल, पण सांगतो. पोलिशमध्ये काळ्या माणसाला 'मुझिन' म्हणत. आफ्रिकेवरच्या लेखनात सर्रास. वाईट अर्थ नाही, जुना शब्द आहे, असं भले भले भाषातज्ज्ञ सांगायचे. २०२० मध्ये पोलंडमध्ये वाढलेल्या काळ्या मुलींनी, पोलिशच बोलणाऱ्या, मोहीम काढली की आम्हाला हा शब्द नको. त्यानंतर पोलिश भाषा परिषदेतून मत आलं की सार्वजनिक वापरात तो टाळावा. इतक्या वर्षांच्या लेखनानं जे झालं नाही, ते वाचकांत 'ते' लोक आल्यावर झालं. मग मी कुणाच्या बाजूनं? उंबरठा यांचा रोग खरा आहे, औषध चुकीचं. एनओसीनं काही झालं नसतं. पोलिश येत होतं म्हणून त्या मुलींना भांडता आलं.

दुसरं, परकं म्हणजे दूरचंच असं नाही. हाच पुरस्कार मिळालेलं लिदिया ओस्तावोव्स्कांचं 'जलरंग' आउश्वित्झच्या नाझी छळछावणीवर आहे. दिना गॉटलिबोव्हा या ज्यू कैदी चित्रकर्तीकडून तिथला नाझी डॉक्टर मेंगेले यानं रोमा (जिप्सी) कैद्यांची चित्रं काढून घेतली. ती म्युझियमकडे राहिली. म्हातारपणी तिनं परत मागितली, मिळाली नाहीत. चित्रं कुणाची? काढणारीची, ज्यांचे चेहरे आहेत त्यांची, की बघणाऱ्यांची? ते वाचल्यापासून या विषयावर ठाम बोलायला जीभ रेटत नाही.

पंचगंगा
सगळे पोलंडला जाऊन भांडताय, जरा वळिवड्याला या. कोल्हापूरपासून हाकेच्या अंतरावर. १९४३ ते ४८ तिथं पोलिश लोकांची छावणी होती, पाचेक हजार माणसं, बाया आणि पोरंच जास्त. रशियानं हाकललेली, इराणमार्गे आलेली. आमची आज्जी भाजी घेऊन जायची तिकडं. सांगायची, त्या बाया मिरची बघून दोन पावलं मागं सरायच्या.

तिथं वाढलेल्या पोरांनी म्हातारपणी आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला, आधी पोलिशमध्येच. आता सांगा, त्यांनी आमच्या आज्जीला विचारायला पाहिजे होतं का? मला तर नुसतं एवढंच कळायचंय, त्यात भाजीवाली आहे का. आणि उलटंही बघा, पाच वर्षं शेजारी राहिली ही माणसं, मराठीत आपण त्यांच्यावर किती लिहिलं? एक स्मारक आहे, कोल्हापूरच्या महावीर उद्यानात. फोटो काढायला बरा आहे.

उंबरठा
पंचगंगा, तो ग्रंथ इथल्या ग्रंथालयात असायला हवा. शनिवारी जाऊन बघते. वळिवड्याच्या बाजाराबद्दल काही सापडलं तर मराठीत उतरवून इथेच टाकीन.

भटक्या_७४
आणि त्यात काही चुकलेलं असलं तर आज्जीच्या वतीनं पोलिशमध्ये लिहा, ताई. पुरस्काराला चालेल.

पंचगंगा
बाजार नाही ओ, छावणीच्या दाराशी बसायची ती. वांगी आणि कोथिंबीर.