रानभाजी स्वतः खुडावी की पाटीवालीकडूनच घ्यावी?

कुर्डू:
पाऊस लागला की बोरिवली, मुलुंड, दादरला स्टेशनाबाहेर टाकळा, फोडशी, शेवळं, करटोलीच्या पाट्या (टोपल्या) घेऊन बायका बसतात. माझं म्हणणं, मुंबईकराने निदान टाकळा, कुर्डू आणि घोळ या तीन भाज्या स्वतः ओळखून खुडायला शिकावं. तिन्ही तण म्हणून उगवतात, सोसायटीच्या मागच्या पडीक पट्ट्यातही. आपण खुडल्याने कुणाचं काही हिरावलं जात नाही.

टाकळ्याचा खरा मोसम जूनअखेर ते जुलैचा मध्य. रोप वीतभर असतानाच शेंडा आणि वरची दोन-तीन पानं नखाने खुडायची. नखाने तुटत नाही तो देठ निबर झाला, तो सोडा. पिवळं फूल दिसलं की ते रोप भाजीतून बाद. पाला तीन पाण्यांतून धुवायचा. चार मुठी पाल्याची जेमतेम वाटीभर भाजी होते. दोन कांदे, चार लसणाच्या पाकळ्या, दोन-तीन मिरच्या, तेल जरा सढळ, वरून ओलं खोबरं. पहिल्यांदा खाणाऱ्याने अर्ध्या वाटीवर थांबावं, टाकळा सारक आहे.

डोंगरपायथा:
शिकावं, हे मान्य. पण ‘टाकळा ओळखा’ एवढं सांगून भागत नाही. त्याच पडीक जागेत कासविंदाही उगवतो, आणि रोप लहान असताना नवखा माणूस हमखास गफलत करतो. पान हातात घेऊन जोड्या मोजा. टाकळ्याला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोकाकडे रुंद आणि गोलसर. कासविंद्याला चार ते सहा, टोक अणकुचीदार. कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात त्या खाऊन लहान मुलं दगावल्याचं संशोधनातून पुढे आलं आहे.

दुसरं, जागा. रुळांकडेला तणनाशक फवारतात. रस्त्यालगतच्या मातीत जुनं शिसं आहे. पेट्रोलमधून ते 2000 साली गेलं, मातीतून गेलेलं नाही. पानावरची धूळ धुऊन जाते, मुळांवाटे पानात आलेलं शिसं कितीही पाण्यांनी जात नाही. सोसायटीच्या मागचा पट्टा म्हणजे बहुतेक ठिकाणी डेब्रिजचा भराव आणि उंदरांची बिळं. उंदराच्या मुताने लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, तोही खुडणाऱ्याच्या हातापायांवरच्या जखमांतून. मग खुडायचं कुठे?

राहतं बोरिवलीचं नॅशनल पार्क. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 35 नुसार परवान्याशिवाय वनोपज नेता येत नाही. टाकळ्याची जुडीसुद्धा त्यात आली.

सुगरण मुलुंडची:
डोंगरपायथांना माझा पाठिंबा, पण कारण वेगळं. पाटीवालीकडून भाजी घेताना तिची पारखही आपण घेत असतो, आणि ती शेवळांत दिसते.

शेवळं, म्हणजे सुरणाच्या कुळातल्या रोपाचे कोवळे फुलोरे, मे अखेरीपासून जूनपर्यंत मिळतात. जाणती बाई शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं देते. काकडी नव्हे, काकड नावाच्या झाडाची आवळ्यासारखी आंबट फळं. शेवळांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. पाण्यात ते विरघळत नाहीत, म्हणून नुसतं उकडून काम होत नाही. बाहेरचं आवरण सोलून काढायचं. आतल्या दांड्याच्या बुडाशी पिवळा दाणेदार भाग असतो, तो पुरता कापून टाकायचा. खाज तिथेच सगळ्यात जास्त. राहिलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं. दोन जुड्यांना दहा-बारा काकडं ठेचून, बिया काढून, पाण्यात कोळून तो रस घालायचा आणि मंद आचेवर निवांत शिजू द्यायचं. सोडे किंवा वालाचं बिरडं त्यानंतर. काकडं मिळाली नाहीत तर चिंच घाला, पण आंबट घातल्यावाचून शेवळं करू नका. चिरताना हाताला तेल लावा.

हौसेने खुडणाऱ्याच्या हातून नेमका तो पिवळा भाग राहतो आणि मग घरातले सगळे घसा धरून बसतात.

कुर्डू:
सुगरणताई, म्हणूनच माझ्या यादीत शेवळं नव्हती. कायद्याचा मुद्दा पूर्ण मान्य, पार्कात कुणी खुडू नये. पण पाटीवरची भाजी कुठून खुडली हे तुम्ही तरी विचारता का? मातीची शंका घ्यायची तर तिथेही घ्या. आणि खुडण्याच्या पद्धतीचं काय? फोडशीच्या कित्येक जुड्या मुळासकट उपटलेल्या असतात. फोडशी आणि पांढरी मुसळी एकाच क्लोरोफायटम प्रजातीतल्या. मुसळीच्या एका जातीचं शास्त्रीय नाव तर बोरिवलीवरून, बोरिविलिअॅनम. मुळांपायी ती रानातून किती कमी झाली ते आपण पाहतोच. फोडशी जमिनीपासून बोटभर वर विळ्याने कापली तर कंद जमिनीत राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. स्वतः खुडणारा एवढं तर पाळू शकतो.

डोंगरपायथा:
उपटलेली जुडी दिसली तर पाटीवालीलाच सांगा, ‘मावशी, पुढच्या वेळी कापून आणा.’ बुडाचा पांढरा भाग आपण निवडताना टाकतोच, तेव्हा मुळं आणून तिचाही फायदा नाही, फक्त पाटी जड. बहुतेक वेळा गिऱ्हाईक भरगच्च जुडी मागतं म्हणून उपटलं जातं. आणि हो, मी विचारतो कुठली भाजी. वाडा, जव्हार, शहापूर, मुरबाड असं गाव सांगितलं तर घेतो, रुळांकडेची असेल तर नाही.

फोडशीच्या जागी कळलावीचा कोवळा कोंब उचलला गेला तर जीवावर बेततं. दोन्ही जूनमध्येच जमिनीतून वर येतात. कळलावीच्या पानाचं टोक तणाव्यासारखं वळलेलं असतं, फोडशीचं पान साधं गवतासारखं. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन नावाचं विष असतं, कंदात तर भरपूर.

वनहक्क कायदा 2006 ने गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क वनात राहणाऱ्या आदिवासींना आणि इतर पारंपरिक वननिवासींना दिला आहे. हौशी मुंबईकराला तो नाही, आणि नसावाच. शंभर घरांनी रविवारी पिशव्या घेऊन डोंगर गाठला तर करटोलीच्या वेलावर पिकायला एक फळ उरणार नाही. नर आणि मादी वेल वेगळे असतात, फळ फक्त मादीला. बी पडलं नाही तर नवा वेल कुठून येणार?

नवीन वाचक:
अळंबीचं काय? पहिल्या जोरदार पावसानंतर आमच्या मैदानात पांढऱ्या छत्र्या येतात. लसूण घालून शिजवायचं आणि लसूण काळा पडला नाही तर खायचं, असं ऐकलं आहे.

डोंगरपायथा:
नका खाऊ. लसणाची परीक्षा साफ खोटी, चांदीच्या चमच्याचीही. हिरवळीवर येणारी मोठी, तपकिरी खवल्यांची छत्री बहुधा क्लोरोफायलम असते. खाल्ल्यावर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब. टोपी दांड्यापासून कापून कागदावर पालथी घाला, वर वाडगं झाका आणि रात्रभर ठेवा. हिरवट ठसा उमटला तर तीच. वारुळावरच्या खाण्याच्या अळंबीचा ठसा गुलाबीसर असतो आणि दांडा मुळासारखा खोल वारुळात गेलेला असतो. पण गुलाबी ठसा म्हणजे खायला परवानगी नव्हे. उलट्या सहा तासांनंतर सुरू झाल्या तर जास्त घाबरा. यकृत खाणारी विषं अशीच उशिरा बोलतात, मध्ये माणसाला बरं वाटतं आणि मग तब्येत ढासळते. उरलेली अळंबी पिशवीत घालून थेट हॉस्पिटल गाठा.

कुर्डू:
अळंबीबद्दल दुमत नाही. टाकळ्याबद्दल मात्र मी मागे हटत नाही. भरावाची जागा नको ना? मग आधी उन्हाळ्यात वाळलेल्या शेंगांतून मूठभर बी घेऊन कुंडीत, विकतच्या मातीत टाका. कठीण सालीचं आहे, सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवा. जूनमध्ये पाऊस पडला की उगवेल.

सुगरण मुलुंडची:
कुंडीतला टाकळा खुशाल खा. शेवळांसाठी मात्र मावशीकडेच या, आणि काकडं मागून घ्या.