लीज मध्येच मोडली तर उरलेलं सगळं भाडं भरावंच लागतं का? (न्यू जर्सी)

पोहे_विथ_शेव:
नमस्कार मंडळी, जरा टेन्शनमध्येच लिहितेय. आम्ही एडिसनला एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये होतो, भाडं 2,400, डिपॉझिट दीड महिन्याचं म्हणजे 3,600. लीज एप्रिल ते मार्च. सप्टेंबरमध्ये नवऱ्याचा प्रोजेक्ट एकदम डलासला हलला, एच-वन व्हिसा (कंपनीच्या नोकरीवरच टिकणारा) असल्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. लेखी कळवून ऑक्टोबरअखेर घर झाडूनपुसून किल्ल्या दिल्या. आता मॅनेजर बाई म्हणतात मार्चपर्यंतचे पाच महिने म्हणजे 12,000 भरा, डिपॉझिट विसरा आणि नाही दिलेत तर कलेक्शनला (थकबाकी वसूल करणाऱ्या एजन्सीकडे) टाकू. लीजमध्ये तसं कलम आहे हेही खरं, सही करताना वाचलं कुणी होतं!! गंमत म्हणजे त्यांच्या साइटवर आमच्याच टाइपचे दोन फ्लॅट अजून अव्हेलेबल दिसतायत. एक मैत्रीण म्हणाली यावर सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल आहे. पण तो दुसऱ्याच कुणाच्या तरी केसमधला, मला कसा लागू होणार? कुणाला माहिती आहे का?

सरळमार्गी:
ताई, राग मानू नका पण सही केली म्हणजे केली. उद्या घरमालकाने मध्येच बाहेर काढलं असतं तर तुम्ही लीजच दाखवली असती ना? दोन-तीन महिन्यांवर तडजोड करा नि मोकळे व्हा.

ओकट्री_रोड:
सरळमार्गी, थांबा जरा. 1977 च्या आधी न्यू जर्सीत तुमचंच खरं होतं. भाडेकरू निघून गेला तरी मालकाने फ्लॅटला कुलूप लावून खुशाल बसायचं आणि वर्षभराचं भाडं मागायचं, कोर्टही द्यायचं.

मैत्रीण म्हणते तो निकाल समर विरुद्ध क्रिडेल. इथे 1996 पासून आहे, दोनदा लीज मोडलीये, त्यामुळे पाठ आहे 😄 हॅकेन्सॅकमधली गोष्ट. एका मुलाचं लग्न ठरलेलं, म्हणून मे 1972 पासून दोन वर्षांची लीज केली, भाडं 345 डॉलर. आणि लग्नच मोडलं. मुलगा सैन्यातून नुकताच सुटलेला, विद्यार्थी, खिशात दमडी नाही. त्याने 19 मे ला मालकाला पत्र लिहिलं की बाबा रे असं असं झालंय, भरलेले पैसे ठेव पण मला लीजमधून सोडव. मालकाने उत्तरच दिलं नाही. वर कहर म्हणजे एक जण तोच फ्लॅट भाड्याने मागायला आला तर त्याला सांगितलं, तो दिलेला आहे! फ्लॅट सप्टेंबर 1973 पर्यंत रिकामा ठेवला आणि पूर्ण दोन वर्षांचे 7,590 डॉलर मागितले.

खालचं कोर्ट मुलाच्या बाजूने गेलं. अपिलेट डिव्हिजनने (सुप्रीम कोर्टाच्या खालचं अपिलाचं कोर्ट) जुन्या नियमावर बोट ठेवून ते उलटवलं. मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाने अपिलेट डिव्हिजनलाही उलटवलं आणि जुना नियमच मोडीत काढला. तेव्हापासून इथे मालकाने दुसरा भाडेकरू शोधायचा वाजवी प्रयत्न करायलाच लागतो, आणि तो केला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. ताई, हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. तुम्हाला काही सिद्ध करत बसायचं नाहीये.

कारकून_काकू:
ओकट्री रोडनी गोष्ट छान सांगितली. मी इथल्या एका वकिलाच्या ऑफिसात बारा वर्षं आहे (वकील नाही, हे आधीच सांगते), थोडी भर घालते.

दुसऱ्याचा निकाल तुम्हाला लागू कसा, तर राज्याच्या वरच्या कोर्टाने कायद्याचा अर्थ एकदा लावला की खालचा जज तो मानायला बांधील असतो. तुमच्या एडिसनच्या मिडलसेक्स काउंटीतल्या जजला "मला नाही पटत" म्हणता येत नाही. अपिलेट डिव्हिजनचंही तसंच, पण तिथे एक मेख आहे. त्यांचे निकाल दोन प्रकारचे, पब्लिश्ड आणि अनपब्लिश्ड. अनपब्लिश्ड निकाल नेटवर दिसतात, पण ते कुठल्याच कोर्टावर बंधनकारक नसतात. लोक गुगल करून असल्या निकालांच्या पंधरा प्रिंट काढून येतात आणि जज बघतसुद्धा नाही, बिचाऱ्यांचा चेहरा पडतो. समर मात्र पक्का आहे.

पण याचा अर्थ तुम्ही फुकटात सुटलात असा नाही हां. फ्लॅट प्रामाणिकपणे प्रयत्न करूनही रिकामा राहिला तर तेवढ्या महिन्यांचं भाडं आणि जाहिरातीचा वाजवी खर्च तुमच्याच डोक्यावर. कोर्ट काय बघतं, तर जाहिरात दिली का, आलेल्यांना फ्लॅट दाखवला का, तुम्ही आणलेला चांगला भाडेकरू उगाच नाकारला का. आमच्याकडे बरेच फ्लॅट रिकामे आहेत, आधी ते भरू मग तुमचा, असंही त्यांना म्हणता येत नाही. म्हणून साइटचे स्क्रीनशॉट आजच काढा, तारखेसकट!

डिपॉझिटचा कायदा वेगळा. 30 दिवसांत हिशोब द्यायला लागतो आणि चुकीने अडकवलेल्या रकमेची दुप्पट मागता येते. पण खरं देणं वजा झाल्यावर जे उरतं त्याची दुप्पट, अख्ख्या 3,600 ची नाही. स्मॉल क्लेम्सची (लहान रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) मर्यादा 5,000 आहे, त्यावर गेलं तर स्पेशल सिव्हिल पार्ट हा कोर्टाचा विभाग, तिथे 20,000 पर्यंत.

हडसनपार:
आम्ही न्यूयॉर्कचे, क्वीन्सवाले, हे वाचून जळफळाट झाला. नदीच्या या बाजूला 2019 पर्यंत गोंधळच होता, त्या वर्षी विधिमंडळाने कायदा केला तेव्हा कुठे राहत्या घरांसाठी हा नियम पक्का झाला. त्यामुळे जर्सीतल्या मित्राचा सल्ला न्यूयॉर्कात वापरताना सांभाळून. त्यात आमच्याकडे 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं कोर्ट आणि सगळ्यात वरचं 'कोर्ट ऑफ अपील्स', नवीन माणूस चक्रावतोच.

नळदुरुस्ती:
अवांतर, पण माझा हीटर दहा दिवस बंद आहे आणि मालक फोन उचलत नाही. यावर आहे का एखादा निकाल?

ओकट्री_रोड:
@नळदुरुस्ती आहे की! मरिनी विरुद्ध आयर्लंड, 1970. टॉयलेट गळत होतं, मालक सापडेना, बाईने प्लंबर आणला, 85.72 डॉलर झाले. भाडं होतं 95. तिने प्लंबरची पावती आणि 9.28 चा चेक पाठवून दिला 😂 मालक तिला घराबाहेर काढायला कोर्टात गेला आणि सुप्रीम कोर्टात तोंडावर पडला. पण आधी मालकाला लेखी कळवा, वाट बघा, पावती ठेवा. मनाने भाडं बंद करून बसू नका.

सरळमार्गी:
मान्य, मला हे माहीत नव्हतं. (तरी लीज वाचून सही करावी हे माझं मत कायम आहे.)

पोहे_विथ_शेव:
अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. काकूंनी सांगितलं तसं स्क्रीनशॉट जोडून ईमेल केला, त्यात केसचं नाव घातलं आणि एवढंच विचारलं की आमचा फ्लॅट कधीपासून जाहिरातीत आहे ते कळवा. आधी रोज फोन यायचे, त्यानंतर चार दिवस एकदम शांतता. मग त्यांच्या हेड ऑफिसातून कुणीतरी फार गोड बोलून सांगितलं की फ्लॅट 1 डिसेंबरपासून गेलाय. म्हणजे मला 12,000 मागत होते तेव्हा बहुतेक नवीन माणसाशी बोलणंही चालू असणार! नोव्हेंबरचे 2,400 आणि जाहिरातीचे 150 कापून 1,050 परत द्यायचं ठरलं. नवरा म्हणाला 150 साठी भांडू नकोस, नाही भांडले. चेक त्यांनी आमच्या जुन्याच पत्त्यावर पाठवला, त्याच फ्लॅटवर. नवीन भाडेकरू भला माणूस निघाला, त्याने तो डलासला धाडला.